काळ्या ऑईलखालची चीर

माझ्या चासीच्या उजव्या तुळईच्या वरच्या कडेला, मागच्या स्प्रिंगचा पाटा जिथे अडकवलेला असतो तिथून चार बोटं पुढे, एक चीर आहे. तिची लांबी एकेचाळीस मिलिमीटर आहे. पडली तेव्हा ती जेमतेम सहा होती आणि केसाहून बारीक होती. लोखंडाची चीर माणसाच्या जखमेसारखी भरून येत नाही. ती काही काळ थांबते आणि मग पुन्हा चालू लागते.

मित्रांनो, मी एक जुनी पिकअप आहे. चासी म्हणजे माझा कणा, पोलादाच्या दोन लांब तुळया. माझी केबिन, हौदा आणि हौद्यातला सगळा भार त्यांच्यावर असतो.

माझे पहिले मालक लोणावळ्याचे हौशीराम. डोंगरउतारावर तेव्हा बंगल्यांमागून बंगले उठत होते आणि मी त्यांचे दगड, विटा, सळया वाहत होते. सळया हौद्यात मावत नसत. मग मागचा फाळका उघडा टाकायचा आणि त्या मागे लोंबत्या ठेवायच्या. "आजून धा घमेली टाक रं, वाघीण हाय ती!" असं हौशीराम मजुरांना ओरडून सांगत. कौतुक आणि ओझं मला नेहमी एकदमच मिळालं.

एकदा अशाच लोंबत्या भारासह मी खड्ड्यात आदळले आणि माझ्या पोटाखाली टक्क असा आवाज झाला. हौशीरामांनी तो ऐकला. "बघू," म्हणाले आणि गिअर टाकला.

आमच्या मावळात पाऊस सुरू झाला की चार महिने हटत नाही. म्हणून मे महिन्यात गाडीखाली जळकं काळं ऑईल फासतात, गंज धरू नये म्हणून. त्या वर्षी हौशीरामांनीही ते फासलं आणि चीर झाकली गेली. पुढच्या महिन्यात त्यांनी मला विकलं.

मला घेतलं वराळ्याच्या सुहासनं. तळेगावच्या बाजूच्या एका कारखान्यात तो अठरा वर्षं होता. दिव्याखाली धरून ओतीव सुटे भाग तपासायचे, कुठे तडा दिसतो का ते पाहायचं, हे त्याचं काम. मग कारखान्याला त्याचा विभागच नकोसा झाला. जाताना हाती आले ते सगळे पैसे त्यानं माझ्यात घातले. त्याची बायको यशोधरा घरामागे रोपं वाढवायची. जास्वंद, सोनचाफा, कर्दळ. लोणावळ्याच्या बंगल्यांना बागा हव्या होत्या, रोपं पोचवायला गाडी हवी होती.

घरी आल्या आल्या यशोधरानं माझ्या पुढचं लिंबू-मिरची तोडून टाकलं. "लिंबू वाळलंय, न्हाईतर सरबत तरी केलं असतं," ती म्हणाली. सुहासनं फाळक्यावर पांढऱ्या रंगानं लिहिलं, 'यशोधरा रोपवाटिका'.

"मला इचारलं का?" ती म्हणाली.

"गाडीला इचारलं. ती व्हय म्हनली."

मी खरंच म्हणाले होते, मित्रांनो.

पण ओल्या मातीचं वजन कोरड्या मातीहून फार जास्त असतं आणि कुंड्या तर ओल्याच न्याव्या लागतात. चीर चौदावर गेली, मग बावीसवर. मला ती दाखवता येत नव्हती. मी फक्त वाकडी होऊ शकत होते. केबिन आणि हौदा यांच्यामधली फट उजव्या बाजूला वरून रुंदावू लागली.

सुहास दर मे महिन्यात माझ्याखाली निजून स्वतःच्या हातानं ऑईल लावायचा आणि कारखान्यातल्या गोष्टी सांगत राहायचा. "आमच्या सेक्शनला नेम हुता. तडा दिसला की मनात ठेवायचा न्हाई. मोठ्यानं बोलायचं. बोलल्याबिगर समोरचा लिहीत न्हाई, अन् लिहिल्याबिगर माल लायनीतून बाजूला निघत न्हाई."

दुसऱ्या मे महिन्यात ऑईल लावताना त्याचं बोट त्या जागी थांबलं. अठरा वर्षं तडे शोधलेलं बोट होतं ते. ते मागे गेलं, पुन्हा पुढे आलं. त्या दिवशी त्यानं कसलीच गोष्ट सांगितली नाही. ब्रश ऑईलमध्ये बुडवला आणि त्या जागेवर दोनदा फिरवला.

फट यशोधराच्या नजरेत भरली. रोपांना नावं लावायच्या लाकडी पट्ट्या ती त्या फटीत घालून पाहायची. पहिल्यांदा एक पट्टी घट्ट बसली. पुढच्या वर्षी चार बसल्या.

"अवो, खाली वाकून बघा की एकदा."

"बघू."

हा शब्द आमच्याकडे फार सोयीचा आहे, मित्रांनो. तो म्हटला की बघावं लागत नाही.

यंदाच्या वैशाख पौर्णिमेला वस्तीतल्या सात बायका पांढऱ्या साड्या नेसून माझ्या हौद्यात चढल्या. देहूरोडच्या विहारात जायचं होतं. यशोधरा शेवटी चढणार होती. तिनं सवयीनं फटीत पट्ट्या घातल्या. सहाच्या सहा पट्ट्या सरळ खाली जमिनीवर पडल्या.

"उतरा समद्या," ती म्हणाली.

"आता काय गं? आल्यावर बघू," सुहास केबिनमधून म्हणाला.

"तीन वर्सं बघू म्हनताय. बघतंय कोन?"

सगळ्यांत वयस्कर विठाबाई. त्यांनी फाळक्यावरून मान बाहेर काढली. "आरं सुहास, वाक की मग! कंबर काय भाड्यानं आनलीस?"

बायका हसल्या. सुहास हसला नाही. तो उतरला आणि माझ्याखाली शिरला. त्यानं गळ्यातला पंचा काढून त्या जागेचं ऑईल पुसलं. तीन मे महिन्यांचे तीन थर होते. चीर उघडी पडली. त्यात त्याचं नख गेलं.

एकेक करून बायका खाली उतरल्या. दारापुढे दोनशे जास्वंदी लोणावळ्याला जायच्या होत्या. त्या कशा जाणार हे कुणालाच माहीत नाही. या घरात दुसरी गाडी येणार नाही. माझा कणा पुन्हा धड होणार नाही. एका जागी सांधला तर शेजारी फुटेल.

मित्रांनो, माझी एवढीच विनवणी आहे. ज्याच्यावर जीव आहे त्याला नुसतं ऑईल लावू नका. आधी पुसा, बघा. सहा मिलिमीटरचं काही करता येतं. एकेचाळीसचं येत नाही. सुहासचं माझ्यावर प्रेम नव्हतं असं मी कधीच म्हणणार नाही. बघितलं तर बोलावं लागेल, याचीच त्याला भीती होती. कारखान्यात तडा दिसला की म्हणायचा तो शब्द त्यानं हजारदा उच्चारला होता. मग एक दिवस तो स्वतःच लायनीतून बाजूला निघाला आणि त्यानंतर घरात त्यानं तो शब्द कधी तोंडातून काढला नव्हता.

"काय रं, काय झालं?" विठाबाईंनी विचारलं.

तो माझ्याखालीच पडून होता. त्याचा तळवा चिरेवर होता.

"यशोधरा, लिहून घे," तो म्हणाला.

तिनं जमिनीवरची एक पट्टी उचलली, कानामागची पेन्सिल काढली. "सांगा."

त्यानं श्वास घेतला आणि समोरच्याला मशीनच्या आवाजातही ऐकू जावं इतक्या मोठ्यानं म्हणाला,

"रिजेक्ट."