सगळ्यांत हलकी लाथ

"काका, आजचं कॅन्सल करायचं होतंत. शरयूकाकूंना जाऊन महिनासुद्धा झाला नाही," कोर्टासमोर गाडी थांबवत उल्हास म्हणाला.

"घरी बसून काय करू? भिंतींना डच शिकवू?" म्हणत त्र्यंबक उतरला.

लग्नानंतरची काही वर्षं रॉटरडॅमच्या गोदीत काढल्यामुळे त्याला डच येत होतं. मिशिगनमध्ये जुने डच लोक पुष्कळ, म्हणून कोर्ट त्याला दुभाष्या म्हणून बोलवी. तिथला नियम साधा होता. साक्षीदार 'मी' म्हणाला की दुभाष्यानेही 'मी'च म्हणायचं, आणि कोर्टात बोललेला शब्द न् शब्द साक्षीदाराला सांगायचा.

साक्षीला डेकरबाई होत्या. त्यांच्या नवऱ्याला तिघांनी दुकानामागे मारून टाकलं होतं. "माझा नवरा खाली पडला," त्र्यंबक सांगत होता. "मी ओरडले." सुरुवातीला ज्यूरीतला एकजण गालात हसला. मग नाही हसला.

आरोपींपैकी एकाचा वकील उठला. "बाई, तिघांत माझ्या अशिलाची लाथ सगळ्यांत हलकी होती. खरं ना?"

त्र्यंबकने विचारलं. बाई म्हणाल्या, "या, दे झाख्स्ते."

"हो, सगळ्यांत हलकी," त्र्यंबकने सांगितलं.

"थँक यू. माझे प्रश्न संपले."

पण बाई थांबल्या नव्हत्या. "दे एर्ख्स्ते," त्या म्हणाल्या, आणि हळू आवाजात पुढे बोलत राहिल्या. त्र्यंबकने तोंड उघडलं.

"उत्तर मिळालंय," वकील म्हणाला. "दुभाष्याने आता बसावं."

तो बसला असता तर 'हलकी' एवढंच नोंदीत राहिलं असतं.

"माझं बोलणं संपलेलं नाही," त्र्यंबक म्हणाला.

हे बाईंचं की याचं, वकिलाला कळेना. न्यायाधीशांनी मान हलवली. "उत्तर पूर्ण होऊ द्या."

"सगळ्यांत हलकी, आणि सगळ्यांत भयंकर तीच. जोरात मारणं आधीच झालं होतं. याने नुसतं बुटाचं टोक लावलं, जिवंत आहे का बघायला. तो जिवंत होता. माझ्याकडे बघत होता. मग हे तिघे हसले, आणि... आणि मी त्याचा हात धरला. हात गरम होता. मला वाटलं, आता बरं वाटेल त्याला."

शेवटचं वाक्य त्याला दोनदा सुरू करावं लागलं.

टाइप करणारी बाई थांबली. वकील खाली बसला.

"दुभाष्यांना पाणी द्या," न्यायाधीश म्हणाले.

त्र्यंबकने नियमाप्रमाणे तेही डचमध्ये सांगितलं.

डेकरबाईंनी आपल्यासमोरचा भरलेला ग्लास उचलला आणि दोन्ही हातांनी त्याच्यापुढे धरला.