पुढच्या दोन पायांखाली

गेल्या मार्चमध्ये व्हर्लिनचा उजवा कान बिघडला आणि तेव्हापासून आमच्या घराला उतार लागला.

घर म्हणजे आमचा बत्तीस फुटी फिफ्थ व्हील ट्रेलर. पिकअपच्या पाठीवर मान टेकवून चालणारा, आणि पिकअप काढून घेतली की पुढच्या दोन लोखंडी जॅकवर उभा राहणारा. नेब्रास्कातलं शेत विकून आम्ही नवराबायको त्यात राहायला गेलो, त्याला नऊ वर्षं झाली. उन्हाळा डोंगरात आणि हिवाळा टेक्सासच्या किनाऱ्यावर, रॉकपोर्टजवळच्या एका पार्कात. तिथली जमीन म्हणजे वाळूवर पसरलेला शिंपल्यांचा चुरा. निजायची खोली ट्रेलरच्या मानेवर असते, म्हणजे बरोबर त्या दोन जॅकच्या वर. जॅक दोन बोटं खचले की आमच्या उशा दोन बोटं खाली. मला त्याचं काही वाटत नसे. पण कानाच्या दुखण्यापासून डोकं जरा खाली गेलं की व्हर्लिनला गरगरायचं आणि मग तो उठून भिंतीला धरून बसायचा.

"डोकं उताराला आहे, आर्डिस," तो म्हणायचा.

डॉक्टर म्हणाले, कानातल्या पाण्याचा दोष आहे, मीठ कमी करा. आमची मुलगी जनेल म्हणाली, ट्रेलर विका. लिंकनमध्ये तिच्या शेजारचा फ्लॅट रिकामा होत होता.

"आई, पक्कं घर आहे, हलणार नाही की खचणार नाही. घरमालक फक्त रविवारपर्यंत थांबतोय. काय ते सांग."

जनेल प्रेमानेच बोलत होती, हे मला कळत होतं. पण फ्लॅटच्या खिडकीतून रोज तेच पार्किंग बघायचं, हे काही मला मानवणारं नव्हतं. व्हर्लिनच्या मनातही जायचं नव्हतं. तो रोज बगळे मोजायचा आणि वहीत लिहून ठेवायचा. लिंकनला कुठले आलेत बगळे!

म्हणून मी ठरवलं, आधी पायांचा बंदोबस्त करायचा. आजवर जॅक लावणं हे त्याचं खातं होतं. जॅकखाली तो शेतातल्या जुन्या कुंपणाच्या फळ्या घालायचा, त्याने स्वतः कापलेल्या. त्या फळ्या पहिल्या ओल्या आठवड्यातच चुऱ्यात रुतल्या आणि एक तर मधोमध उकलली. ट्रेलरच्या कुशीला, जॅकच्या बटणाजवळ, घर सरळ आहे की नाही ते दाखवणारी बुडबुड्याची एक छोटी नळी चिकटवलेली आहे. संध्याकाळी मधोमध ठेवलेला बुडबुडा सकाळी बघावा तर बाजूला सरकलेला. म्हणजे पाय खचलाय. मग पुन्हा बटण, पुन्हा फळ्या.

आमच्या पार्कात दुपारी चार वाजता सगळे आपापल्या खुर्च्या घेऊन गोल करून बसतात. तिथे मी जॅकखाली काय घालावं एवढंच विचारलं, आणि पुढचा तासभर मला तोंड उघडायला मिळालं नाही. एकजण म्हणाला पिवळे प्लास्टिकचे ठोकळे आण, एकमेकांत बसतात. दुसरा म्हणाला तेच ठोकळे माझ्याकडे भाकरीसारखे मोडले. शेजारचा डब कॅसलबरी सगळ्यात शेवटी बोलला. डबने जन्मभर तेलाच्या पाइपलाइनवर वेल्डिंग केलं आहे. त्याचं प्रत्येक गोष्टीवर मत असतं आणि त्यातली निम्मी मतं बरोबर निघतात, हाच त्याचा त्रास. इकडच्या रीतीप्रमाणे तो लग्न झालेल्या बायकांनाही आदराने मिस म्हणतो.

"मिस आर्डिस, लाकूड गेलं, प्लास्टिक गेलं. टायरचं रबर दाबून केलेले जाड पॅड मिळतात ते घ्या. पण पायापेक्षा मोठे घ्या हं. रुंद पॅड चुऱ्यावर तरंगतो, अरुंद पॅड खिळ्यासारखा आत जातो."

गुरुवारी मी जॅकच्या लोखंडी पायाखाली कागदी ताट सरकवून पेन्सिलीने त्याचा आकार काढला आणि ते ताट घेऊन गावातल्या दुकानात गेले. काउंटरवरच्या माणसाने माझ्याकडे बघितलं, ताटाकडे बघितलं आणि माझ्या मागे दाराकडे बघितलं.

"साहेब नाही आले?"

"साहेब घरी बगळे मोजतायत. पॅड दाखवा."

"नाही, म्हणजे ट्रेलरचं वजन वगैरे त्यांना माहीत असेल..."

"वजन मला माहीत आहे, पायाचा आकार ताटावर आहे आणि जमीन शिंपल्यांची आहे. अजून काही हवंय, की जन्मपत्रिका आणू?"

मग मात्र त्याने मुकाट्याने चार तऱ्हेचे पॅड मांडले. एक पातळ, त्याच्या कडा आधीच वर वळलेल्या. एक प्लास्टिकचा, वरून देखणा, खालून मधमाश्यांच्या पोळ्यासारखा पोकळ. खाली एखादा मोठा शिंपला आला की ह्याचा निकाल. तिसरा जॅकच्या पायाला कायमचा अडकवायचा, म्हणजे वाकायला नको. तो मला आवडला होता, पण ताट वर ठेवलं तर जेमतेम बरोबरीचा निघाला. चौथा गोल, काळा, तीन बोटं जाड, ओढायला दोरीची मूठ असलेला. ताटाभोवती सगळीकडून वीतभर जागा उरत होती. मी तो जमिनीवर टाकला आणि त्याच्या कडेवर दोन्ही पायांनी उभी राहिले. मी काही सडपातळ बाई नाही. पॅड हूं की चूं करेना.

"हेच द्या, दोन," मी म्हणाले.

शुक्रवारी सकाळी मी पिकअप मागे घेतली. पॅड घालायचे तर ट्रेलरची मान परत गाडीवर घेऊन जॅक उचलावे लागतात. व्हर्लिन खुर्चीत बसून हाताने खुणा करत होता, कारण मान वळवली की त्याला जग फिरतं. आजूबाजूला खुर्च्या मांडल्या गेल्या होत्याच, पण कुणी चकार शब्द काढला नाही. मान जोडणाऱ्याशी आणि जॅक लावणाऱ्याशी बोलायचं नाही, हा आमच्या लोकांतला नियम आहे. एक शब्द बोललात तर समोरचा एखादी खीळ विसरतो आणि घर जमिनीवर येतं. नवराबायकोची भांडणंही तेवढा वेळ थांबतात.

तिसऱ्या खेपेला मान बसली. मी जॅक उचलले, पॅड सारले, परत टेकवले, आणि बुडबुडा मधोमध आल्यावर पिकअप काढली. टाळ्या पडल्या. मला लाज वाटायला हवी होती, पण छाती फुगली.

शनिवारी उजाडताच मी झग्यावरच बाहेर धावले. बुडबुडा मधोमध! केसभरही हलला नव्हता. मी नाचतच आत आले तर व्हर्लिन पलंगाच्या कडेला भिंत धरून बसलेला, चेहरा पांढराफटक.

"उतार आहे, आर्डिस."

"नाही! मी आत्ता बघून आले. बुडबुडा मधोमध आहे."

"असेल. पण डोकं खाली आहे."

"अरे, पॅड खचले नाहीत, पाय खचले नाहीत, मग खचलंय काय?"

"मला काय माहीत. मला जाणवतं ते सांगतोय."

आणि मग मी ते बोलले. तीन दिवसांची धावपळ, ते दुकान, त्या टाळ्या, सगळं माझ्या जिभेवर आलं.

"नाचता येईना, अंगण वाकडं! उतार घराला नाहीये, व्हर्लिन. उतार तुझ्या डोक्यात आहे."

त्रेचाळीस वर्षांत मी त्याला पुष्कळ टाकून बोलले आहे आणि त्याने प्रत्येक वेळी परतफेड केली आहे. या वेळी नाही केली. भिंतीवरचा हात न काढता म्हणाला, "तूही असं म्हणतेस तर असेलच. जनेलला सांग, येतो म्हणून."

शनिवारी पार्कात सगळ्यांचं एकत्र जेवण असतं, त्यासाठी मी बिडाच्या तव्यात मक्याचा ब्रेड भाजायला ठेवला. फोन उद्या करू म्हटलं. ब्रेड भाजताना मी दोनदा रडले, आणि भट्टीच्या धगीने डोळे चुरचुरतात असं स्वतःलाच सांगितलं.

चार वाजता टेबलं भरली. व्हर्लिन टोपी डोळ्यांवर ओढून कडेला बसला होता. डब ताट घेऊन माझ्या तव्याशी आला, एक तुकडा कापला, दुसरा कापला, आणि दोन्ही शेजारीशेजारी धरून मोठ्याने हसला.

"मिस आर्डिस, ह्या ब्रेडखाली कुठला पॅड लावला होता? एका बाजूला दोन बोटं जाड आणि दुसऱ्या बाजूला बिस्किट!"

सगळे हसले. मीही हसले. "आमची भट्टी नऊ वर्षं अशीच आहे. सकाळची धिरडीसुद्धा एका अंगाला जाड होतात. मी तवा अर्धा फिरवून घेते, झालं."

बोलता बोलता मी थांबले. हातातली सुरी तशीच राहिली. जाड बाजू कुठली? तवा मी भट्टीत कसा ठेवला होता? मूठ माझ्याकडे. जाड बाजू डावीकडे, आणि भट्टीसमोर उभं राहिलं की ट्रेलरची मानही डावीकडेच. ओलं पीठ तिकडे वाहत गेलं होतं. आणि न्हाणीघराचं दार? तेही नऊ वर्षं मानेकडेच आपोआप आपटतं. बिचाऱ्या व्हर्लिनने त्याच्या बिजागऱ्या तीनदा बदलल्या.

व्हर्लिनचा कान बिघडला असेल. पण ब्रेडला काही कान नसतात.

"डब," मी म्हणाले, "तुझ्याकडे पाणसळ आहे?"

"गवंड्याची? चार फुटी आहे."

"आण. आत्ता."

डबने पाणसळ आणून आमच्या स्वयंपाकघरातल्या जमिनीवर ट्रेलरच्या लांबीला धरून ठेवली. मी गुडघे टेकून बघितलं. बुडबुडा मधल्या दोन रेघा सोडून मागच्या टोकाकडे जाऊन बसला होता. म्हणजे मान खाली. बाहेर कुशीवरची नळी मात्र सगळं सरळ आहे म्हणून सांगत होती.

ती नळी चिकटवली कुणी? मी. ट्रेलर घेतला त्या दिवशी, आमच्या शेतातल्या अंगणात. पाकिटावर लिहिलं होतं की आधी खऱ्या पाणसळीने घर सरळ करा, मग चिकटवा. मी म्हटलं, सिमेंटच्या ओट्यावर उभं आहे, आणखी किती सरळ हवं? बुडबुडा मधोमध धरला आणि दिली दाबून.

हे मी तिथेच, सगळ्यांसमोर, व्हर्लिनला सांगितलं. त्याने टोपी मागे सारली.

"कुठला ओटा? धान्याच्या कोठीपुढचा?"

"तोच."

"आर्डिस, तो मी ट्रॅक्टर धुवायला बांधला होता. पाणी नाल्याकडे जावं म्हणून त्याला उतार दिला होता."

माझी मान खाली गेली. अंगण खरंच वाकडं होतं, आणि सकाळी मी त्या माणसाच्या तोंडावर तीच म्हण मारली होती.

"आता काय करायचं?" मी विचारलं.

"मान उचलायची," तो म्हणाला. "मी आत जाऊन झोपतो. तू बटण दाब."

तो भिंतीला धरत वर गेला आणि डोळे मिटून आडवा झाला. डब स्वयंपाकघरात पाणसळीपाशी बसला. मी बाहेर बटणावर बोट ठेवलं. जेवणावरून उठून सगळा पार्क ताटं हातात घेऊन आमच्या दारात आला होता आणि नियमाप्रमाणे गप्प होता. मोटर घरघरली. मान वर येऊ लागली. जॅकचे पाय लांब होत होते, काळे पॅड जागचे हलत नव्हते. एक इंच. दीड. नळीतला बुडबुडा मधल्या रेघा सोडून चालला, आणि नऊ वर्षांच्या सवयीने माझं बोट सुटू पाहत होतं. मी ते सोडलं नाही.

"थांब!" खिडकीतून व्हर्लिन ओरडला.

मी थांबले. मग डब दारात आला. त्याने डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली होती.

"मधोमध," तो म्हणाला. "बरोबर मधोमध, मिस आर्डिस. त्याने डोळे मिटून सांगितलं."

मी धावत आत गेले. व्हर्लिन उताणा पडून छताकडे बघत होता, आणि भिंतीला हात लावलेला नव्हता.

"म्हणजे माझं डोकं शाबूत आहे," तो म्हणाला.

"तुझं आहे. माझंच तपासायला हवं." मला हुंदका आवरेना. "सकाळी मी जे बोलले ना, व्हर्लिन..."

"ते राहू दे. ओट्याला उतार आहे हे मी तुला सांगितलंच नव्हतं."

कान काही बरा झालेला नाही. मीठ कमीच आहे, आणि मान झटकन वळवली की अजून त्याला गरगरतं. पण त्या रात्री तो एकदाही उठून बसला नाही. सकाळी मला जाग आली तेव्हा तो बाहेर जाऊन, सुरीने ती नळी खरवडून काढून, परत आत आला होता, आणि न्हाणीघराचं दार अर्धं उघडं ठेवून त्याच्याकडे बघत उभा होता. दार जिथे ठेवलं तिथेच होतं.

मी जनेलला फोन लावला. फ्लॅट दुसऱ्या कुणाला देऊ दे म्हणाले. तिने कारण विचारलं तेव्हा म्हणाले, "तुझ्या बापाचं बरोबर होतं. बाकीचं सविस्तर सांगेन."

मग धिरडी घालायला घेतली. तव्यावर पीठ ओतलं आणि सवयीने मूठ धरून तवा अर्धा फिरवायला गेले. व्हर्लिनने मागून येऊन माझ्या हातावर हात ठेवला.

"राहू दे," तो म्हणाला.

पीठ तव्यावर चारी बाजूंनी सारखं पसरत गेलं.