दहा सेंटिमीटरचा चौकोन

टक्!

भर दुपारी, सगळं घर पेंगत असताना, शिलाई मशीनशेजारच्या टेबलाखालून एवढाच आवाज आला. पाठोपाठ पंख्याची घरघर थांबली आणि माझ्या जगात मिट्ट काळोख झाला.

घाबरू नका मित्रांनो, ही गोष्ट रडकी नाही. उलट ती सांगायला मी कधीचा उतावीळ झालोय! मी एक जुना प्रोग्राम आहे, कॉम्प्युटरवर चालणारा. मला हात नाहीत, पाय नाहीत. पण जन्मभर मी पायांचाच विचार करत आलो. कुणाचा पाय आत वळलेला, कुणाचा एक आखूड, कुणाची टाच जमिनीला टेकतच नाही. अशा पायांना दुकानातला बूट होत नाही. त्यांच्या बुटांचे नमुने मी आखतो.

ज्याने मला लिहिलं, त्याचाही एक पाय अधू होता. बुटांच्या कारखान्याच्या माळ्यावर बसून, खालच्या ठोकाठोकीत, त्याने तीन वर्षं मला घडवलं. माझ्यातली पहिली रेघ त्याच्या स्वतःच्या टाचेची आहे. ती अजून माझ्यात आहे, कुणी पुसली नाही.

मग मला एका म्हाताऱ्या बूटकाराने विकत घेतलं. पहिल्या दिवशी त्याने माझ्याकडे असं पाहिलं, जसं सासरे नव्या जावयाकडे पाहतात. "हे खोकं मला बूट शिकवणार?" आठ दिवसांनी तोच घरच्यांना दटावत होता, "हात लावू नका रे त्याला, माझा उजवा हात आहे तो!"

त्याचा एक नियम मात्र कधी मोडला नाही. प्रत्येक नमुन्याच्या कोपऱ्यात तो माझ्याकडून एक चौकोन काढून घ्यायचा. बरोब्बर दहा सेंटिमीटरचा. कागद छापून आला, की आधी त्या चौकोनावर पट्टी ठेवायची. दहा भरले, तरच चामड्याला हात लावायचा. "आधी पट्टी, मग रापी," असं तो म्हणायचा. रापी म्हणजे चामडं कापायची धारदार सुरी. एकदा फिरली, की चामडं काही पुन्हा जुळत नाही.

आता दुकान त्याची मुलगी चालवते. तिची सात वर्षांची लेक दिवसभर गरगर फिरते, म्हणून सगळे तिला भिंगरी म्हणतात. मी म्हातारा झालो, माझा कॉम्प्युटर तर माझ्याहून म्हातारा. येणारे-जाणारे म्हणायचे, "ताई, भंगारात टाका आता हे धूड!" ताई मात्र मऊ ब्रशने धूळ झटकायची आणि वर कापड पांघरायची. आणि मग तो मंगळवार उजाडला. टक्!

आदल्याच दिवशी टपालवाला त्याच्या मुलीला घेऊन आला होता. तिचा डावा पाय आखूड. पाच वर्षं तिचे सगळे नमुने माझ्यातच आहेत. दर वर्षी पाय वाढतो, दर वर्षी टाचेचा उतार बदलतो. नवं माप ताईने सोमवारीच माझ्यात भरलं होतं.

"शनिवारी शाळेची सहल आहे, टेकडीवर," टपालवाला म्हणाला. "दर वर्षी ही पायथ्याशी बसते, सगळ्यांच्या पिशव्या सांभाळत."

"या वर्षी पिशव्या दुसऱ्या कुणीतरी सांभाळाव्यात," मुलगी म्हणाली.

ताईने शब्द दिला होता. आणि आता मी अंधारात!

पुढचं मी नंतर ऐकलेलं: दुरुस्तीवाल्याने डिस्क बाहेर काढली. "आतलं सगळं शाबूत आहे," तो म्हणाला, "पण याची जात जुनी. नव्या मशीनला याची भाषा कळायची नाही." ताईचा चेहरा पडला. तेवढ्यात तिचा धाकटा दीर स्वतःचा कॉम्प्युटर काखोटीला मारून आला. त्याच्या कॉम्प्युटरचा कारभारच निराळा. माझी ऑपरेटिंग सिस्टीम वेगळी, त्याची वेगळी. दोघींचं एकमेकींशी एक अक्षर जुळत नाही.

"वहिनी, काळजी सोडा. माझ्या घरातच याला एक खोली काढून देऊ. त्या खोलीला कंटेनर म्हणतात."

"अहो भाऊजी, पण तुमच्या घरात त्याचं बोलणं समजणार कुणाला?"

"दारात एक दुभाषा बसवतो ना! हा काही मागेल, दुभाषा आमच्या भाषेत सांगेल. उत्तर आलं, की याच्या भाषेत फिरवेल. याला वाटलं पाहिजे, मी माझ्या जुन्या घरीच आहे."

भिंगरी डोळे विस्फारून ऐकत होती. "दूध प्यायलीस?" ताईने विचारलं. "हो." पेला काठोकाठ भरलेला. "भिंगरे! खोटं बोलायचं नाही. कधीच नाही!"

आणि मित्रांनो, गुरुवारी सकाळी मी उठलो! उठलो म्हणजे काय, ताडकन उठलो! सवयीप्रमाणे मी आधी विचारलं, "माझी सी ड्राइव्ह?" दुभाषा अदबीने म्हणाला, "ही काय, समोरच." खरं तर ते एक साधं फोल्डर होतं, पण काय सजवलं होतं! "माझे फाँट?" "हे घ्या." "माझा पडदा?" "हा उघडला!" आणि पडद्यावर माझी निळी चौकट झळकली. ताईने टाळ्याच वाजवल्या.

पण नमुने? मी हाक मारली, तर उत्तर नाही. माझ्या खोलीला भिंती होत्या, आणि नमुने भिंतीपलीकडे होते.

"अरेच्चा, खिडकी ठेवायची राहिली," भाऊजींनी जीभ चावली. दोन ओळी लिहिल्या, आणि भिंतीत खिडकी उघडली. पाच वर्षांचे सगळे पाय धावत आत आले! त्यांत ती डावी टाचही होती. मी ओळखलंच तिला.

ताईला आता दम निघेना. छापलेला कागद तिने प्रिंटरमधून जवळजवळ ओढलाच. लोण्यासारख्या मऊ चामड्याचा एकच तुकडा घरात उरला होता. पुढचा माल पंधरा दिवसांनी येणार होता. तिने नमुना चामड्यावर पसरला, कडा दाबल्या आणि रापी उचलली.

"आधी पट्टी!" भिंगरी ओरडली. अगदी आजोबांच्या आवाजात.

"अगं, वेळ नाहीये."

पण भिंगरीने पट्टी ठेवलीसुद्धा. "आई... नऊ. आणि सहा बारक्या रेघा."

"नीट बघ. दहाच असणार."

"नऊ आणि सहा रेघा!"

ताई वाकली. पट्टी उलटसुलट करून पाहिली. मग रापी खाली ठेवून ती चक्क जमिनीवर बसली. तेवढ्याने बूट पाऊण सेंटिमीटर आखूड झाला असता. त्या पायाला तेवढं म्हणजे टेकडीएवढं.

मला ओरडून सांगावंसं वाटत होतं, मी दहाच दिले होते! गडबड झाली होती माझ्या खोलीबाहेर. तिथल्या छपाईच्या कारभाऱ्याला वाटलं, पाहुण्याचं चित्र कागदाच्या कडेबाहेर जातंय, जरा आवळून बसवू. प्रेमानेच केलं बिचाऱ्याने! भाऊजींनी 'पानात बसवा'वरची खूण काढली. कागद पुन्हा आला. तिघांची डोकी पट्टीवर वाकताना एकमेकांवर आपटली.

"दहा!"

मग रापी फिरली, आणि काय फिरली!

शनिवारी संध्याकाळी टपालवाला दारात उभा राहिला. त्याच्या दोन्ही खांद्यांवर मिळून नऊ पिशव्या होत्या. "ती गेली पोरांबरोबर वर," तो म्हणाला, "झेंडा लावलाय तिथपर्यंत. पोरं दमून तशीच घरी गेली, या पिशव्या घरोघर पोचवायच्यात. आज मी सांभाळल्या." आणि तो हसता हसता डोळे पुसू लागला.

मित्रांनो, माझं एवढंच मागणं आहे. जुनी वस्तू फेकण्याआधी तिला एकदा विचारा, असं काय आहे जे फक्त तुलाच येतं? उत्तर आलं, तर तिला एक छोटी खोली द्या. फार जागा लागत नाही. एक खिडकी मात्र ठेवा. आणि ती कितीही आवडीची असली, तरी तिने दिलेल्या कागदावर आधी पट्टी ठेवा.

टपालवाला गेल्यावर ताई माझा पडदा पुसत होती. भिंगरी तिच्या कोपराला टेकून माझ्याकडे टक लावून बघत होती.

"आई, त्याला वाटतंय ना, तो त्याच्या जुन्याच घरी आहे?"

"हो गं. म्हणून तर चालतो तो."

भिंगरीने जरा विचार केला. "मग आपण सगळे मिळून त्याच्याशी खोटं बोलतो, ते चालतं?"

ताईचा पडद्यावरचा हात तिथेच थांबला.