घसरलेलं टिंब

भिवाने कोयता फळ्यात रुतवला तेव्हा वरचा रंग अजून ओलाच होता. लाल शिंतोडे गोपीनाथ पेंटरच्या तोंडावर उडाले.

"माजे बयनीचा हात चव्हाट्यावर टांगतोस?" भिवा ओरडला. तिसऱ्या घावाला फळा उभा चिरला.

गोपीनाथ भिंतीला चिकटून उभा. खोपटातल्या त्या एवढ्याशा दुकानात पळणार कुठे? भिवा गेला तसा त्याच्या जिवात जीव आला. पण संध्याकाळी कळलं, भिवाने घरी जाऊन बहिणीचा, सगुणाचा, उजवा हात उंबऱ्यावर धरला आणि फावड्याच्या दांड्याने मोडला.

चूक गोपीनाथचीच. मुलींच्या मंडळाच्या फळ्यावरचं जुनं चिन्ह समईचं. ते मंडळ चालवणाऱ्या सुमतीताईंना नको झालं होतं.

"समई कोपऱ्यात बसते हो. माझ्या मुली लाठी फिरवतात," असं म्हणून त्यांनी मिठागरावरच्या सगुणाला त्याच्यासमोर बसवलं.

नुसता लाठी धरलेला हात काढायचा. चेहरा नाही, नाव नाही, कोण ओळखणार? पण या मेल्याला आपल्या हुबेहूब कामाचा भारी माज! मनगटावरचं गोंदणही त्याने जसंच्या तसं उतरवलं: तुळशीवृंदावन, खाली पाच टिंबं. लहानपणी गोंदताना सगुणाने कळवळून हात ओढला होता, म्हणून पाचवं टिंब अंगठ्याकडे घसरलेलं. तेही काढलं. फळा वाळायला दारात ठेवला आणि मिठागरावरून परतणाऱ्या बायकांनी तो हात लांबूनच ओळखला.

आठव्या दिवशी सुमतीताई आल्या.

"गोपीनाथराव, समईच काढा. कमिटी घाबरलीय. सगुणाचं नावही मंडळातून कमी करा म्हणतात."

गोपीनाथने समईचा जुना कागद शोधून काढला. त्याला लाज वाटली, आणि खरं सांगायचं तर हायसंही वाटलं.

तेवढ्यात सगुणाच दारात आली. उजवा हात बांबूच्या कामट्यांत बांधलेला, ओठ फाटलेला. ती स्टुलावर बसली आणि तिने डावा हात पुढे केला.

"ह्यो काढा."

"अगं, तुझं हाड अजून सांधलं नाही," ताई कळवळल्या.

गोपीनाथने डावं मनगट पाहिलं. कोरं होतं.

"हा बरा. गोंदण नाही, कोणी ओळखायचं नाही."

"गोंदण काढा. टिंब घसरलेलंच काढा."

"अगं बाई, भिवा पुन्हा कोयता घेऊन येईल!"

"नाय येत." सगुणा आपल्या डाव्या तळव्याकडे बघत होती. तिथे फोड फुटून कातडी सोलली होती. "इस्पितळात हाय. डोक्याला टाके पडलेत."

सुमतीताईंनी तिचा डावा तळवा हातात घेतला.

"लाठी तर मी तुला उजव्या हातानेच शिकवली होती गं."

"हां. डाव्यानं कालच पयल्यांदा फिरवली."

गोपीनाथने समईचा कागद गुंडाळून ठेवला. बारीक ब्रश घेतला आणि नव्या फळ्यावर सगळ्यात आधी ते टिंब काढलं.