सही केल्यानंतर

लुब्वामाने इजिप्तच्या क्लबच्या करारावर सही केली आणि त्याच दुपारी युगांडाच्या संघाच्या शिबिरातून त्याची बॅग बाहेर आली. युगांडात भरणाऱ्या आफ्रिकी देशांच्या त्या स्पर्धेचा नियमच तसा होता: आपापल्या देशातल्या लीगमध्ये खेळणाऱ्यांनीच खेळायचं.

"तू आता बाहेरचा," कोच म्हणाले. "मी तरी काय करू, बाळा?"

व्हिसा आठवड्यात येणार होता. तीन आठवडे झाले, आला नाही. जुन्या क्लबची खोली सोडलेली, म्हणून तो बहिणीकडे किरेकात राहायला गेला. तिथून स्टेडियम चालत वीस मिनिटं. सामना असला की आरडाओरडा थेट अंगणात यायचा आणि गोल कुणी मारला ते शेजारच्या रेडिओवरून कळायचं.

तिसऱ्या सामन्याला तो टोपी डोळ्यांवर ओढून स्वस्तातल्या स्टँडमध्ये जाऊन बसला. शेजारी एक जोडपं होतं.

"लुब्वामा हवा होता आज," बाई म्हणाली.

"कशाला? पैसा दिसला की पळाला."

"आपल्या पोराला बोलावणं आलं असतं, तर तुम्हीच त्याची बॅग भरून दिली असती!" मग तिने लुब्वामापुढे शेंगदाण्यांची पुडी धरली. "घे रे. इतका गप्प का? घरचं कुणी गेलंय का?"

"नाही मावशी."

सत्तराव्या मिनिटाला फ्री किक मिळाली. अशा किका लुब्वामाच मारायचा. आज ओकोट पुढे आला, चार वर्षं त्याच्याच खोलीत राहिलेला. चेंडू समोर उभ्या खेळाडूंच्या भिंतीवरून वळून जाळ्यात गेला. मावशीने लुब्वामाला मिठी मारली, तोही घसा फाटेस्तोवर ओरडला.

गोल झाला की दोघं मित्र कोपराला कोपर लावायचे. ओकोटने सवयीने कोपर पुढे केलं. समोरच्या नव्या खेळाडूला काही कळलं नाही, त्याने ओकोटला सरळ उचलूनच घेतलं. लुब्वामा खाली बसला. सामना संपायच्या आतच तो उठून बाहेर पडला.

व्हिसा आला तो युगांडाच्या उपांत्यपूर्व सामन्याच्या दिवशी. एंटेबे विमानतळावर सगळे टीव्हीसमोर गोळा झाले होते. शिक्का मारणाऱ्या अधिकाऱ्याचाही डोळा तिकडेच.

"कामाला चाललास?"

"हो."

"काय काम?"

"फुटबॉल."

अधिकारी हसला. "मग आज तरी थांबायचंस की!"

लुब्वामाने पासपोर्ट खिशात घातला. मागे सगळा हॉल एकदम हळहळला. गोल खाल्ला की आपला हुकला, हे विचारायला तो वळलासुद्धा. पण सगळ्यांच्या पाठीच दिसत होत्या. बॅग खांद्यावर टाकून तो विमानाच्या दाराकडे चालू लागला.