थांबा, डॉक्टर!

दोन हजार चार साली प्रसेनजीत कांबळे पळायला लागला, तो डॉक्टरांच्या धाकानं. पाटबंधारे खात्यातल्या खुर्चीनं त्याचं पोट बरंच पुढं आणलं होतं. राजारामपुरीतल्या डॉक्टर इंगवल्यांनी त्याला तपासून दरडावलं, "रोज सकाळी पळायचं. आणि फूटपाथवरनंच! रस्त्यावर उतरलात तर गाडी उडवंल."

दुसऱ्याच दिवशी लालभडक टी-शर्ट घालून तो निघाला. पण पळायला फूटपाथ शिल्लक होता कुठं? आधी कुणाची तरी स्कूटर, मग दुकानाची पायरी, मग निखळलेली फरशी. ती चुकवायला त्यानं उडी मारली, ती थेट भाजीवाल्या तानाबाईच्या मेथीत.

"पावणं, भाजी हातानं निवडत्यात, पायानं न्हाय!" तानाबाई ओरडली आणि तुडवलेली पेंढी तिनं त्याच्या गळ्यात मारली. ती हातात धरून तो गपचूप रस्त्यावर उतरला.

आता मागनं येणारा प्रत्येक हॉर्न त्याला वीतभर उडवत होता. एक मोटारसायकलवाला शेजारी येऊन हळू झाला.

"एस.टी. चुकली व्हय? बसा, गाठून देतो."

"न्हाय वो. तब्येतीसाठी पळतोय."

"तब्येत बरी न्हाय आन् पळताय? बसाच की मग!"

त्याला कसंबसं वाटेला लावलं, तोवर पुढं एक ओळखीची पाठ दिसली. हाफ चड्डीत, रस्त्याच्या मधोमध, खुद्द डॉक्टर इंगवले पळत होते!

"ओ! थांबा! थांबा की!" प्रसेनजीत ओरडला.

डॉक्टरांनी मागं बघितलं. पेशंटनं आपल्याला रस्त्यावर पकडलं म्हणून ते असे शरमले, की त्यांनी वेगच वाढवला.

एक माणूस पळतोय, दुसरा 'थांब' म्हणून ओरडतोय. कोपऱ्यावरच्या मंडळींना एवढं बास होतं. "धरा रं त्याला!" पिराजी दूधवाल्यानं सायकल आडवी घातली आणि चहाच्या गाड्यावरच्या दोघांनी डॉक्टरांना कवळा मारला.

"मी डॉक्टर हाय!"

"व्हय, आन् मी कलेक्टर. काय चोरलंस सांग!"

प्रसेनजीत धापा टाकत पोचला. तोंडातनं शब्द फुटेना, म्हणून त्यानं नुसता हात वर केला. हातात मेथी.

"आयला, मेथी चोरली व्हय!" पिराजी म्हणाला.

उलगडा झाल्यावर सगळे पोट धरून हसले. पिराजीनं दोघांना चहा पाजला.

"डॉक्टर, तुम्हीच फूटपाथ सांगितला होता की," प्रसेनजीत म्हणाला.

डॉक्टरांनी सोललेला गुडघा दाखवला. "तिथंच पडलो. पेशंटला कसं सांगू?"

"मग उद्यापासनं दोघं रस्त्याच्या उजव्या कडंनं पळू. समोरची गाडी दिसती तरी."

दुसऱ्या दिवशी तसे ते पळाले. समोरनं सिटी बस आली. दोघं घामाघूम गडी जिवाच्या आकांतानं आपल्याकडं येताना बघून ड्रायव्हरनं करकचून ब्रेक मारला.

"म्होरं काय झालंय वो?"

"काय न्हाय, जावा तुम्ही!" डॉक्टर न थांबता ओरडले.

"इतक्या घाईनं 'काय न्हाय' म्हणत्यात, म्हंजे मोठंच काय तरी हाय," ड्रायव्हर म्हणाला, आणि त्यानं सगळ्या प्रवाशांसकट बस शेजारच्या गल्लीत घातली.