सहाचा आकडा

"उत्तर ठरत नाही! तिसऱ्यांदा तेच!" साहेबांनी पुण्याहून आलेला कागदांचा गठ्ठा टेबलावर आपटला. "कॉम्प्युटर कशाला चुकेल? त्या बाईनंच ज्वारी घरी बसून मोजलीय. आजपासून तिला खुरपणीला घाला."

एकोणीसशे शहात्तर साल. सोलापूरच्या एका शेती संशोधन केंद्रात सिद्धलिंगप्पा आकडेमोडीचा कारकून होता. कुंभारीची केराबाई अकरा वर्षं दर सोमवारी ज्वारीच्या ताटांची उंची मोजून सांगायची, तो लिहून घ्यायचा. गेल्या हंगामाच्या त्या आकड्यांवरून वाढीचं सूत्र बसवायचं होतं, आणि ते काही केल्या बसेना.

केराबाई दारात आली. "अण्णा, मी खोटं मोजीन व्हय? तुमी संगं व्हता की!"

"बघतो," एवढंच तो म्हणाला. साहेबांपुढं आपली दातखीळ बसली याची त्याला भारी लाज वाटली.

दुपारी डबा तसाच ठेवून त्यानं कागद उपसले. पुण्याच्या कॉम्प्युटरला आधी अंदाजाचे आकडे द्यावे लागत. तिथून तो पायरी पायरीनं खऱ्या उत्तराकडे सरकायचा. सुरुवातच भलतीकडे झाली, की बिचारा भरकटलाच! अंदाजाचा कागद सापडला. ताटाची पूर्ण उंची : ६.

अरे देवा! मोजलेलं सगळं सेंटिमीटरमध्ये आणि अंदाज फुटांत. अक्षर त्याचंच. शाळांतून मीटर येऊन इतकी वर्षं झाली, तरी तोंडातली ज्वारी अजून सहा फूटच होती. तीच हातून कागदावर उतरली होती.

सहाच्या जागी एकशे ऐंशी मांडून तो हिशेबयंत्राचा दांडा फिरवत बसला. चौथ्या फेरीला उत्तरं जवळ येऊ लागली, सहाव्या फेरीला जागची हलेनात. केराबाईचे आकडे सूत्राशी छान जुळले. कागद गुपचूप बदलला असता तर कुणाच्या बापाला कळलं नसतं. पण बाहेर उन्हात केराबाई खुरपत होती. तो उठून साहेबांकडे गेला.

"साहेब, चूक माझी. बाईंची नव्हे."

साहेबांनी कागद पाहिला. "तिन्ही वेळा हाच पाठवलात?"

"हो."

"बावीस वर्षं नोकरी ना तुमची? यापुढं मला दाखवल्याशिवाय एक कागद बाहेर जायचा नाही. आणि बाईला सोमवारपासून परत मोजणीला घ्या."

"बरं, साहेब." असं त्याला आजवर कुणी बोललं नव्हतं. लागायचं ते लागलंच.

सोमवारी तो स्वतः मोजपट्टी घेऊन केराबाईकडे गेला. "तुमचा एकूण एक आकडा बरोबर होता. मीच चुकलो. माफ करा, केराबाई."

"आसू द्या, अण्णा. मी सांगत व्हते की!" ती हसली आणि खुरपं बाजूला ठेवून उठली.

पहिल्या ताटाला पट्टी लावून तिनं आकडा सांगितला, "एकशे अठ्ठावीस." त्यानं लिहिला आणि पुढं निघाला. ती मात्र तिथंच वाकली होती. पट्टी पुन्हा बुडाला टेकवून, डोळे बारीक करून बघत होती.

"व्हय, अठ्ठावीसच हाय."

अकरा वर्षांत तिनं कुठलंच ताट दोनदा मोजलं नव्हतं. सिद्धलिंगप्पा मान खाली घालून पुढच्या आकड्याची वाट बघत उभा राहिला.